माघारीचा अर्ज
(बेळ्ळंदूर, बेंगळुरू येथील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



बेळ्ळंदूरच्या तलावाभोवतालच्या वसाहतींत नोकरीनिमित्त आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. बारावीनंतर मुलाला भारी शुल्काच्या अभ्यासक्रमात प्रवेश मिळतो. काही महिन्यांतच ती वाट आपली नव्हे, हे एखाद्याच्या ध्यानी येते. परंतु भरलेले पैसे आणि लोकलज्जा यांच्या धाकाने तो घरी बोलत नाही. वर्गात जाणे थांबते, अर्ज मात्र होत नाही. खरी हानी या मौनात आहे.

शिक्षण मध्येच थांबवावे लागणे हा कलंक नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची अनुमती त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली होती. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसा साठवला, छत्रपती शाहू महाराजांचेही साहाय्य लाभले आणि १९२० मध्ये, मुदतीच्या आत, ते लंडनला पोहोचले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या. निघतानाच त्यांनी परतीचे दार उघडे ठेवले होते.

आजही काळ मोलाचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर १५ दिवसांत अर्ज केल्यास ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के शुल्क परत मिळे. त्यापुढे काहीच नाही. अशा मुदती वर्षागणिक बदलतात, म्हणून चालू वर्षाचे परिपत्रक पाहावे. मूळ प्रमाणपत्रे संस्थेला अडवून ठेवता येत नाहीत. २०२१ पासूनच्या शैक्षणिक श्रेयांक पेढीत, सहभागी संस्थांमधून मिळवलेले श्रेयांक कमाल सात वर्षे वापरता येतात.

मुदत टळली तरी अर्ज टाळू नये. कारण स्पष्ट लिहावे, आजारपण असल्यास वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे, पुनःप्रवेशाची सोय विचारावी आणि अर्जाची पोच जपून ठेवावी. न कळवता गैरहजर राहिल्यास गुणपत्रिकेवर ‘अनुत्तीर्ण’ असा शेरा पडण्याची भीती असते.

पालकहो, मुलाने धीर करून विषय काढला, तर पहिला प्रश्न बुडालेल्या पैशांचा नसावा. पुढे काय करायचे आहे, हा असावा. त्या एका प्रश्नाने मुलाला अर्ज लिहिण्याचे बळ येते.