शेवाळातील साखर
(हीरक महोत्सवी व्याख्यानाची संहिता)



पावसाळ्यात विहिरीच्या पायरीवर निळसर-हिरवा, बुळबुळीत थर धरतो. त्याला आपण शेवाळ म्हणतो आणि खराट्याने घासून काढतो. वस्तुतः त्यातील कित्येक जीव वनस्पती नसून सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नील-हरित जीवाणू असतात. त्यांतील काही भातखाचरात हवेतील नत्र बांधून पिकाचे पोषण करतात. हेच जीव इतरांची वाढ रोखूही शकतात, हा आजचा विषय.

जबलपूरकरांना तो परका वाटू नये. येथील महाराजपूर भागात तणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. आपले 'तण' तिच्या हिंदी नावात 'खरपतवार' होऊन येते. 1950च्या दशकात पुण्यात नजरेस आलेले गाजरगवत आज मध्य प्रदेशातही पसरले आहे. त्यातील पार्थेनिन हे द्रव्य शेजारच्या रोपांची वाढ खुंटवते. तण काढण्यासाठी एकतर उन्हात वाकून निंदणी करावी लागते, नाहीतर औषध फवारावे लागते.

2019 मध्ये जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठातील संशोधकांनी गोड्या पाण्यातील अशाच एका जीवाणूपासून सात कार्बन-अणूंची विरळ साखर मिळवल्याचे प्रसिद्ध केले. साखर म्हणजे अन्न, हा आपला समज. ही साखर मात्र रोपाच्या पेशीतील 'शिकिमेट' मार्गाचे एक विकर बंद पाडते. या मार्गाने वनस्पती काही आवश्यक अमिनो आम्ले घडवतात. तो अडला की कोवळे रोप वाढत नाही. मानवी पेशींत हा मार्गच नाही. ती आम्ले आपल्याला अन्नातून मिळतात.

म्हणून ही साखर निर्धोक मानावी काय? ग्लायफोसेट हे प्रचलित तणनाशकही याच मार्गावर, निराळ्या पायरीवर आघात करते. त्याच्याविषयीही हाच युक्तिवाद होत असे. तरी 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने ते 'बहुधा कर्करोगकारक' गटात घातले, आणि तो वाद अद्याप शमलेला नाही. शिवाय आपल्या आतड्यांतील अनेक उपकारक जीवाणूंमध्ये हा मार्ग असतो. पीक हीसुद्धा वनस्पतीच. काही नील-हरित जीवाणूंचे मायक्रोसिस्टिन हे विष तर यकृतास घातक आहे आणि तेही पूर्णतः नैसर्गिकच!

'नैसर्गिक' हा शब्द प्रमाणपत्र नव्हे. कोणत्या मात्रेत, कोणावर, किती काळ, हे प्रश्न विचारल्यावाचून कोणतेही द्रव्य शेतात जाऊ नये. आपल्या मुलांनी शेवाळाकडे कुतूहलाने पाहावे आणि डब्यावरील 'नैसर्गिक' या शब्दाकडे सावधपणे. शाळेने दिलेल्या विज्ञानाचे सार्थक त्यातच आहे.