चर्चच्या व्यासपीठावरून विज्ञान आणि श्रद्धा



११ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांनी केलेले भाषण घराघरांत ठाऊक आहे. त्यानंतरची पायपीट मात्र फारशी सांगितली जात नाही. परिषद संपल्यावर स्वामीजी अमेरिकेत गावोगाव हिंडले आणि त्यांची कितीतरी व्याख्याने चर्चमध्येच झाली. नोव्हेंबर १८९३ मध्ये मिनिॲपोलिसच्या आणि फेब्रुवारी १८९४ मध्ये डेट्रॉइटच्या युनिटेरियन चर्चमध्ये ते बोलले. दुसऱ्या दौऱ्यात, २८ जानेवारी १९०० रोजी, पॅसाडेना येथील युनिव्हर्सलिस्ट चर्चमध्ये त्यांनी विश्वधर्माचा विषय मांडला.

भगव्या वस्त्रातील संन्याशाला ही व्यासपीठे खुली का झाली? युनिटेरियन पंथ त्रिमूर्ती ईश्वराची कल्पना न मानता ईश्वराच्या एकत्वावर भर देणारा आणि बुद्धिवादाला मान देणारा. डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये आला आणि सृष्टीच्या उत्पत्तीविषयीच्या परंपरागत समजुतींना हादरा बसला. १८७४ मध्ये ड्रेपर यांनी तर धर्म आणि विज्ञान यांच्या संघर्षाचा इतिहासच लिहिला. विज्ञान स्वीकारावे तर श्रद्धा जाते आणि श्रद्धा धरावी तर बुद्धी गहाण पडते, अशा पेचात तेथील सुशिक्षित समाज सापडला होता. त्या समाजाला दुसरी वाट सांगणारा माणूस हवा होता.

ती वाट स्वामीजींनी १९ सप्टेंबर १८९३ च्या निबंधातच दाखवली होती. गुरुत्वाकर्षणाचा नियम शोध लागण्यापूर्वीही होता आणि सारे जग तो विसरले तरी राहील. अध्यात्माचे नियमही तसेच. ऋषी हे त्यांचे निर्माते नव्हेत, द्रष्टे होत. विज्ञान म्हणजे अनेकत्वातून एकत्वाचा शोध, आणि अद्वैताची दिशाही तीच, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे इंग्लंडमधील एका व्याख्यानात ते याहूनही निर्भीडपणे बोलले. बुद्धीची जी कसोटी विज्ञानाला, तीच धर्माला लावावी. तीत जो धर्म टिकणार नाही ती अंधश्रद्धाच होती आणि ती जितक्या लवकर जाईल तितके बरे, असे त्यांचे म्हणणे. परक्या भूमीवर स्वधर्माची बाजू मांडणाऱ्या माणसाने स्वतःच्याच धर्माला परीक्षेस बसवावे, हे धैर्य असामान्य होय.

येथेच एक सावधगिरीचा धडा आहे. १३ फेब्रुवारी १८९६ च्या पत्रात स्वामीजींनी शास्त्रज्ञ निकोला टेस्ला यांचा उल्लेख केला आहे. प्राण आणि आकाश या वेदान्तातील कल्पनांनी टेस्ला प्रभावित झाले होते. शक्ती आणि जडद्रव्य यांचे मूळ एकच असल्याचे गणिताने दाखवता येईल, असे त्यांना वाटत होते. ती सिद्धता टेस्लांच्या हातून झाली नाही. वस्तुमान आणि ऊर्जा यांचे समीकरण १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी मांडले, तेही भौतिकशास्त्राच्या स्वतंत्र मार्गाने. म्हणून वेदान्त उणा ठरत नाही. पण दर्शन वेगळे आणि सिद्धता वेगळी. स्वामीजींनी आशा व्यक्त केली होती, विजयाची दवंडी पिटली नव्हती. ‘सारे शोध आमच्या ग्रंथांत आधीच होते’ असे परदेशातील सभेत ठोकून देणाऱ्या वक्त्याला टाळ्या मिळतील. परंतु प्रयोगशाळेत काम करणारा एखादा तरुण श्रोता पुराव्याचा प्रश्न विचारील, तेव्हा त्या वक्त्याबरोबर धर्माचीही मान खाली जाईल.

स्वामीजींची विज्ञाननिष्ठा व्याख्यानापुरती नव्हती. १८९३ मध्ये जपानहून अमेरिकेकडे जाताना जहाजावर त्यांची जमशेटजी टाटांशी भेट झाली. त्या संभाषणाची आठवण देऊन जमशेटजींनी २३ नोव्हेंबर १८९८ रोजी त्यांना पत्र लिहिले आणि भारतातील त्यागी वृत्ती विज्ञानाच्या सेवेकडे वळवण्यासाठी साहाय्य मागितले. टाटांच्या त्या संकल्पातून १९०९ मध्ये बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली. तोवर स्वामीजी आणि जमशेटजी दोघेही हयात नव्हते.

सातासमुद्रापार जाऊन धर्म आणि विज्ञानावर बोलणाऱ्या प्रत्येकाने ही परंपरा ध्यानी ठेवावी. यजमानाच्या मंदिरात त्याच्या श्रद्धेचा मान राखावा, आपली श्रद्धा निःसंकोच सांगावी आणि पुराव्याच्या पलीकडे एक शब्दही जाऊ नये. सत्याला अतिशयोक्तीच्या कुबड्या लागत नाहीत.