रात्रीची डोंगरवाट आणि सायकलीचा दिवा

पुण्याच्या रस्त्यांवर सायकलींचें राज्य होतें त्या काळीं सायकलीच्या दिव्याचा संबंध अंधारापेक्षां पोलिसाशीं अधिक असे. दिवा असला म्हणजे दंड चुके. तो उजेड किती देतो हें फारसें कोणी विचारीत नसे. रॉकेलचा कंदील, पुढें कार्बाइडचा दिवा आणि त्यानंतर टायरला घासून फिरणारा डायनामो, या तिघांचेंहि काम मुख्यतः एकच होतें: समोरून येणाऱ्याला सायकलस्वार दिसावा. स्वाराला रस्ता ओळखीचाच असे, आणि कोपऱ्यावर नगरपालिकेचा दिवाहि बहुधा असे.

डोंगरांतल्या पायवाटेवर रात्रीं सायकल हांकणाऱ्याची गोष्ट अगदीं उलट आहे. तेथें त्याला पाहणारें कोणी नसतें. पाहावयाचें असतें तें त्यालाच. वाटेवर आलेलें झाडाचें मूळ, सुटा दगड, पावसानें पाडलेली घळ, वळणावर एकाएकीं संपलेली कड, हें सर्व चाक तेथवर पोंचण्यापूर्वीं त्याच्या डोळ्यांना दिसलें पाहिजे. शहरांत चालणारा दिवा डोंगरांतहि चालेल ही समजूत म्हणूनच धोक्याची आहे. डायनामोचेंच उदाहरण घ्या. रूढ डायनामोची शक्ति तीन वॉट, आणि तीहि पुरेसा वेग असेल तेव्हां. खडकाळ चढावर किंवा अवघड उतारावर स्वार पायीं चालणाऱ्याच्या गतीनें जातो. म्हणजे उजेडाची गरज जेथें सर्वांत अधिक, नेमका तेथेंच हा दिवा मंदावतो.

हा खेळ फार जुना नाहीं. रुंद टायरांच्या आणि पुढच्या चिमट्यांत स्प्रिंग बसविलेल्या डोंगरी सायकलींची चोवीस तासांची शर्यत १९९२ सालीं अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यांत कॅनान येथें झाली, आणि रात्रभर चालणाऱ्या अशा शर्यतींमुळें चांगल्या दिव्यांची मागणी वाढत गेली. त्या वेळचे दिवे हॅलोजनचे. त्यांची बॅटरी जड असे आणि विजेचा मोठा भाग नुसत्या उष्णतेंत खर्च होई. आजचा दिवा दोन शोधांचें फळ आहे. पहिला शोध निळा प्रकाश देणाऱ्या डायोडचा. त्यावर पिवळा प्रकाश टाकणाऱ्या द्रव्याचा थर दिला कीं दोहोंच्या मिश्रणानें पांढरा उजेड मिळतो. या डायोडबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. दुसरा शोध लिथियम-आयन बॅटरीचा. त्याबद्दल २०१९ सालीं गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांचा रसायनशास्त्रांत तोच गौरव झाला. या दोहोंच्या योगानें मुठींत मावणारा दिवा मोटारीच्या एका दिव्याच्या तोडीचा उजेड देऊं लागला. आणि दुकानांत दिव्यांची इतकी गर्दी झाली कीं घेणारा गोंधळून जावा.

अशा वेळीं स्कॉटलंडकडे दृष्टि टाकावी. तेथें उत्तर भागांत स्ट्रॅथपेफर गांवाजवळच्या जंगलांत 'स्ट्रॅथपफर' या नांवानें चोवीस तासांची सायकल-शर्यत भरत आली आहे, आणि तिच्यासाठीं महिना निवडला आहे तो जानेवारीचा! त्या अक्षांशावर जानेवारींत चोवीसांपैकीं सुमारें सतरा तास काळोख असतो. सकाळीं निघालेल्या स्वाराला दुपारीं चार-साडेचारच्या सुमारास जो दिवा लावावा लागतो, तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं आठपर्यंत कांहीं विझवितां येत नाहीं. वर थंडी, आणि वाटेवर केव्हां चिखल तर केव्हां बर्फ. येथें उपयोगी पडेल तो दिवा कसा असावा, असा विचार केला म्हणजे निवडीचे मुद्दे आपोआप पुढें येतात.

अनुभवी स्वार दोन दिवे वापरतात. एक हँडलवर, दुसरा हेल्मेटवर. नवख्याला ही चैन वाटते. वस्तुतः दोहोंचीं कामें निराळीं आहेत. हँडलवरचा दिवा डोळ्यांच्या बराच खालीं असतो. त्याचा उजेड जमिनीवर तिरकस पडतो, दगडामागें सावली पडते, डोळा ती वरून पाहतो आणि सावलीच्या लांबीवरून दगडाची उंची ताडतो. हेल्मेटवरचा दिवा डोळ्यांना जवळजवळ लागूनच असतो. त्यानें पाडलेली सावली दगडाच्या आड लपते. ती स्वाराला दिसतच नाहीं. केवळ या दिव्यावर विसंबणाऱ्याला सगळी वाट नाटकाच्या रंगविलेल्या पडद्यासारखी सपाट भासते. वीतभर खोल खळगा कोणता आणि ओल्या पानांचा काळा डाग कोणता, हें त्याला ओळखूं येत नाहीं. आणि पडण्याचें कारण पुष्कळदां हेंच असतें. ज्या श्रोत्याला खातरी करून घ्यावयाची असेल त्यानें अंधाऱ्या अंगणांत चार दगड मांडावे आणि विजेरी प्रथम कपाळाशीं व मग कमरेशीं धरून पाहावें.

हँडलच्या दिव्याचा दोष दुसराच. चाक जिकडे, तिकडेच त्याची नजर. अरुंद वळणावर वाट डावीकडे गेलेली असते, आणि हा समोरच्या झाडांची आरती करीत असतो. उंचवट्याच्या माथ्यावर तो आभाळाकडे रोखला जातो आणि पलीकडचा उतार काळोखांत राहतो. हेल्मेटचा दिवा मात्र मान वळेल तिकडे वळतो, वळणाच्या आंत शिरतो, खालीं पाहतांच खालीं पाहतो. साखळी निसटली किंवा टायर पंक्चर झाला, तर दोन्ही हात मोकळे ठेवून तोच उजेड पुरवितो.

तेव्हां हँडलला रुंद झोताचा व अधिक प्रखर, आणि हेल्मेटला अरुंद झोताचा, हलका व थोडा मंद दिवा, अशी वाटणी ठेवावी. हँडलवर १२०० ते १८०० ल्यूमेन आणि डोक्यावर ६०० ते १००० ल्यूमेन एवढ्यांत बहुतेकांचें भागतें. वाटणी उलट केली तर डोक्यावरचा प्रखर उजेड खालच्या दिव्याच्या सावल्या पुसून टाकतो. पैसे एकाच दिव्यापुरते असतील तर हँडलचा दिवा घ्यावा आणि रुंद वाटांवरच जावें. अरुंद वळणांच्या वाटा दुसरा दिवा येईपर्यंत पळून जात नाहींत.

ल्यूमेन हें दिव्यांतून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचें माप आहे. तो प्रकाश कोठें पडतो हें त्यावरून कळत नाहीं. एका दिशेला झोत किती प्रखर, याचें माप कॅण्डेला. आणि दूरचें दिसणें अवलंबून असतें तें यावर. येथें थोडें गणित केलें पाहिजे. ताशीं १८ किलोमीटर वेगानें जाणारा स्वार सेकंदाला ५ मीटर जातो. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, आणि सुट्या मातीवर वेग दर सेकंदाला तीन मीटरनें कमी होत गेला असें धरलें, तर तो सुमारें ९ मीटरांत थांबतो. वेग ३६ किलोमीटर केला तर हेंच अंतर सुमारें २७ मीटर होतें. वेग दुप्पट, अंतर तिप्पट! आणि प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत विरळ होत जातो, म्हणून तिप्पट अंतरावर तो एक-नवमांश उरतो. तेवढ्याच स्पष्टपणें पुढचें दिसावें, तर त्या दिशेचा झोत नऊपट प्रखर हवा. असा दिवा शोधीत बसण्यापेक्षां ब्रेक हलकेच दाबणें किती तरी स्वस्त पडतें. ज्या दिव्याचा सारा उजेड पुढच्या चाकापाशींच सांडतो, तो तर आणखी नुकसान करतो. जवळच्या लखलखाटानें डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि दूरची वाट होती त्याहून काळी दिसूं लागते.

आतां बॅटरीकडे वळूं, कारण रात्रीच्या डोंगरांत घात होतो तो बहुधा तेथें. लिथियमच्या एका नेहमींच्या नळकांडी घटांत सुमारें १२ वॉट-तास वीज मावते. चांगला दिवा एका वॉटांत साधारण १०० ल्यूमेन देतो. म्हणजे हजार ल्यूमेनना १० वॉट लागतात, आणि एक घट जेमतेम तासभर पुरतो. एवढा हिशेब आला कीं बाजारांतल्या थापा ओळखणें सोपें जातें. एका घटाच्या स्वस्त दिव्यावर १०,००० ल्यूमेन असें छापलेलें असेल, तर त्याला १०० वॉट लागतील व घट सात मिनिटांत रिकामा होईल. आणि त्या इवल्याशा डबींत १०० वॉटांची उष्णता जाणार तरी कोठें? प्रामाणिक कारखानदाराचे आंकडेहि डोळसपणें वाचावे. अमेरिकन एफएल-१ मानकाप्रमाणें दिवा 'चालण्याचा' वेळ उजेड मूळच्या एक-दशांशावर येईपर्यंत मोजतात. दोन तास लिहिलें म्हणून दोन तास पूर्ण उजेड मिळेलच असें नाहीं.

जुना कार्बाइडचा दिवा विझण्याआधीं मिणमिणून सूचना देई. लिथियमच्या बॅटरींतलें संरक्षक मंडल घट अति रिकामा होऊं नये म्हणून वीज एकदम तोडतें. उतारावर भर वेगांत असें झालें तर काय होईल हें सांगावयास नको. म्हणून उरलेली वीज दाखविणारा दिवा घ्यावा, अपेक्षित वेळेच्या दीडपट तरी वीज जवळ असावी, चढावर दिवा मंद ठेवावा, आणि खिशांत एक लहान विजेरी असावी. दोन दिव्यांचा हाहि एक फायदा कीं एक गेला तरी दुसरा थांबण्यापुरता उजेड देतो.

स्कॉटलंडच्या थंडींत बॅटरी पुरी वीज देत नाहीं. तेथें तारेनें जोडलेली स्वतंत्र बॅटरी अंगरख्याच्या आंत, शरीराच्या उबेंत ठेवलेली बरी. सह्याद्रींत तें संकट नाहीं. येथें संकट उष्णतेचें. दिव्याला वाऱ्यानेंच थंडावा मिळतो, आणि सायकल थांबली कीं पुष्कळ दिवे तापूं नयेत म्हणून आपोआप मंदावतात. दुकानांत दिवा हातांत धरून मंदावला, एवढ्यावरून तो वाईट ठरवूं नये. घाटमाथ्यावर पावसाळ्यांत धुकें उतरतें तेव्हां डोळ्यांजवळच्या दिव्याचा उजेड जलकणांवरून उलटून थेट डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. त्या वेळीं हेल्मेटचा दिवा विझवून केवळ हँडलच्या मंद दिव्यावर पायीं चालावें. पाण्याच्या बाबतींत, आयपीएक्स-४ ही खूण शिंतोड्यांपुरती आहे. आयपीएक्स-७ म्हणजे मीटरभर पाण्यांत अर्धा तास टिकणारा. कळ हातमोजा घालूनहि दाबतां आली पाहिजे.

डोंगरांतून रस्त्यावर उतरल्यावर दिवा मंद करावा. जर्मनींत तर वरचा उजेड कापलेला झोतच सार्वजनिक रस्त्यावर चालतो, आणि डोंगरी दिवा लावून जाणें कायद्याविरुद्ध आहे. हेल्मेटवर दिवा असलेल्यानें समोरच्याशीं बोलतांना मान खालीं घालावी, नाहींतर ज्याच्याशीं बोलावयाचें त्यालाच तो आंधळा करतो. लुकलुकणारा उजेड वाटेवर वापरूं नये, त्यांत अंतराचा अंदाज येत नाहीं. मागचा तांबडा दिवा असावा, पण मागून मित्र येत असतील तर मंद आणि स्थिर.

घरीं आल्यावर दिवा थंड होऊं द्यावा, मग बॅटरी भरावी. गोठणबिंदूखालच्या थंडींत लिथियम भरूं नये. महिना-दोन महिने दिवा लागणार नसेल, तर बॅटरी अर्धीच भरून सावलीच्या जागीं ठेवावी, आणि पुढच्या रात्रीं निघण्याच्या आदल्या दिवशीं ती पूर्ण भरून घ्यावी.