लाकडाचे बळ आणि त्याची दिशा

मानवी इतिहासाचे कालखंड पाडताना विद्वानांनी पाषाणयुग, ब्राँझयुग, लोहयुग अशी नावे योजिली. त्यांत काष्ठयुगाला स्थान मिळाले नाही, कारण दगड आणि धातू मातीखाली टिकून राहिले, लाकूड कुजून गेले. वस्तुतः पाषाणयुगातील कुऱ्हाडीचा दांडा लाकडाचा होता आणि लोहयुगातील नांगराचा फाळही लाकडाच्याच आधाराने जमिनीत शिरत होता. परंतु पोलाद आणि सिमेंट यांच्या सहवासात वाढलेल्या मनाला लाकूड हे काहीसे दुबळे द्रव्य वाटते. दारे आणि कपाटे यांसाठी ते ठीक; जेथे माणसांचे प्राण वस्तूच्या मजबुतीवर अवलंबून असतात, तेथे मात्र लोखंडच हवे, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे?

१८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कुशल जहाजबांधकांनी 'ट्रिंकोमाली' नावाची एक युद्धनौका पाण्यात सोडली. तिचे सारे अंग मलबारी सागवानाचे. त्या घटनेला दोनशेहून अधिक वर्षे लोटली; ही नौका आजही इंग्लंडातील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत उभी आहे. लाकडाच्या टिकाऊपणाची साक्ष याहून निराळी कोणती हवी?

टिकाऊपणाप्रमाणेच बळाचाही हिशेब पाहण्याजोगा आहे. एक घनमीटर पोलादाचे वजन ७,८५० किलोग्रॅम भरते, तर तेवढ्याच सागवानाचे सुमारे ६५० किलोग्रॅम. साधे पोलाद ताणून तोडण्यास दर चौरस मिलिमीटरला सुमारे ४०० न्यूटन जोर लागतो. सागवानाचा निर्दोष तुकडा तंतूंच्या दिशेने ताणल्यास सुमारे १०० न्यूटन पुरतो. पोलादाचे बळ चौपट, पण वजन बारापट! म्हणजे वजनास वजन लावून तुलना केली, तर लाकूड पोलादाच्या तिप्पट बळकट ठरते. ताठपणाच्या बाबतीतही वजनाच्या प्रमाणात ही दोन द्रव्ये जवळपास तुल्यबळ आहेत. मात्र या हिशेबातील दोन शब्द विसरून चालणार नाही : 'निर्दोष' आणि 'तंतूंच्या दिशेने'. लाकडात गाठ असली, तिढा असला, की बळ घटते. म्हणून बांधकाम करणारा अभियंता प्रयोगशाळेतील आकड्याचा लहानसा अंशच हिशेबात धरतो.

दिशेचे महत्त्व जाणण्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. सरपणाचा ओंडका उभा ठेवून कुऱ्हाडीचा घाव घातला, तर तो सहज दुभंगतो. तोच आडवा तोडू गेल्यास घाम निघतो. लाकूड म्हणजे लांबट, पोकळ पेशींचा जणू नळ्यांचा भारा. सेल्युलोजचे धागे त्या नळ्यांना ताण सोसण्याचे सामर्थ्य देतात आणि लिग्निन नावाचे द्रव्य त्यांना एकत्र बांधून ठेवते. नळ्या तोडणे कठीण, पण एकमेकींपासून विलग करणे सोपे. पावसाळ्यात दार चौकटीत अडकते तेही याच रचनेमुळे. लाकूड ओलावा शोषून रुंदीत फुगते. लांबीत पडणारा फरक इतका अल्प, की तो लक्षातही येत नाही.

सारांश, वृक्षाने आपले बळ स्वतःच्या गरजेप्रमाणे, उभ्या दिशेने साठविलेले असते. माणसाला मात्र फळी हवी असते, आणि फळीवर भार सर्व दिशांनी येतो. या अडचणीतून काढलेला मार्ग म्हणजे प्लायवूड. ओंडका यंत्रावर गरगर फिरवून त्याचा पातळ पापुद्रा, कागदाची गुंडाळी उलगडावी तसा, सलग सोलून काढतात. नंतर हे पापुद्रे असे रचतात, की एकाचे तंतू उभे तर पुढच्याचे आडवे. मध्ये सरस लावून ते प्रचंड दाबाखाली, बहुधा उष्णता देऊन, एकजीव करतात. थरांची संख्या सामान्यतः विषम ठेवतात. त्यामुळे मधल्या थराच्या दोन्ही बाजूंस समतोल राहतो आणि फळी वाकडी होत नाही. एका थराची दुर्बल दिशा दुसऱ्या थराची सबल दिशा असते. एखादी गाठ आली तरी ती एका थरापुरतीच राहते. आणि कडेला खिळा ठोकला तरी फळी सहसा उकलत नाही. अर्थात ही देवघेव आहे. एकाच दिशेतील बळ थोडे सोडावे लागते, तेव्हा दोन्ही दिशांत ते लाभते.

या कल्पनेची सर्वांत कठोर परीक्षा झाली ती दुसऱ्या महायुद्धात. २५ नोव्हेंबर १९४० रोजी इंग्लंडातील हॅटफील्ड येथून द हॅविलंड कंपनीच्या 'मॉस्किटो' विमानाने प्रथम उड्डाण केले. धातूची टंचाई, तशीच धातुकाम जाणणाऱ्या कामगारांची ओढाताण, हे ओळखून हे विमान लाकडाचे करण्यात आले होते. बर्चच्या प्लायवूडचे दोन पातळ थर आणि त्यांच्यामध्ये हलक्या बाल्सा लाकडाचा गाभा, अशी त्याच्या धडाची भिंत. धड शेंगेच्या दोन फाकांप्रमाणे वेगवेगळे घडवीत, आतील तारा व नळ्या बसवीत आणि मग दोन्ही भाग जोडीत. खुर्च्या-टेबले करणारे कारखाने या कामाला जुंपले गेले. ताशी ६०० किलोमीटरांहून अधिक वेगाने जाणारे हे विमान त्या काळच्या सर्वांत वेगवान विमानांत गणले गेले. अशी साडेसात हजारांहून अधिक विमाने बांधली गेली.

परंतु याच विमानाच्या कथेतील एक दुःखद प्रकरण भारताच्या आकाशात घडले. १९४४ च्या ऑक्टोबरात येथे काही मॉस्किटो विमानांचे पंख उड्डाणातच मोडले आणि वैमानिक प्राणांस मुकले. ही विमाने काही काळ जमिनीवर खिळवून ठेवावी लागली. साहजिकच दोष येथील हवेला देण्यात आला. उष्ण, दमट हवेत लाकूड टिकावे कसे, असे अनेकांना वाटले. प्रारंभीच्या विमानांत दुधातील केसीनपासून केलेला सरस वापरला जाई व तो दमट हवेत खरोखरच बिघडे. म्हणून पुढे रासायनिक सरस आला. चौकशीत मात्र असे आढळले, की लाकूड स्वभावतः नालायक नव्हते. कित्येक ठिकाणी सांधे जोडण्याचे कामच सदोष झाले होते. भाग एकमेकांस नीट भिडले नव्हते, आणि पंखाच्या वरच्या आवरणात ओलावा शिरत होता. जोडकामात सुधारणा झाली, सांध्यावर प्लायवूडची पट्टी बसवून ओलाव्याची वाट बंद करण्यात आली, आणि ही विमाने १९४५ साली ब्रह्मदेशावर पुन्हा उडू लागली.

या घटनेतील बोध आजच्या गृहस्थालाही उपयोगी आहे. प्लायवूडची फळी घेताना दृष्टी जाते ती वरच्या गुळगुळीत पापुद्र्यावर. तिचे आयुष्य मात्र ठरते ते न दिसणाऱ्या सरसावर. युरियाच्या सरसाची फळी कोरड्या खोलीतील कपाटाला पुरते. स्वयंपाकघरातील मोरीजवळ ती थोड्याच वर्षांत पापुद्रे सोडू लागते. तेथे फिनॉलच्या सरसाचीच फळी हवी. नौकाबांधणीसाठीच्या प्लायवूडचा नमुना तर भारतीय मानकाप्रमाणे सलग ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात.

लाकडावरील दुसरा आक्षेप अग्नीचा. लाकूड जळते हे खरेच. परंतु जाड तुळई पेटली, की तिच्यावर कोळशाचा थर धरतो आणि तोच आतील लाकडाचे रक्षण करतो. आग मिनिटाला सुमारे ०.७ मिलिमीटर एवढ्याच गतीने आत सरकते. उलट उघडे पोलाद ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमानाला आपले निम्मे बळ गमावून बसते. या ज्ञानाच्या आधारावरच नॉर्वेमधील ब्रुमुंडाल येथे २०१९ साली ८५ मीटरांहून उंच, अठरा मजल्यांची इमारत लाकडाच्या फळ्या चिकटवून केलेल्या खांबांवर व तुळयांवर उभी राहिली. तिच्या वरच्या मजल्यांच्या जमिनी मात्र मुद्दाम काँक्रीटच्या केल्या. कारण लाकडी इमारत इतकी हलकी, की वाऱ्याने डोलू नये म्हणून माथ्यावर वजन द्यावे लागले!

'मोडेन पण वाकणार नाही' हा बाणा लाकडाचा नव्हे. ते वाकते, करकरते, मोडण्यापूर्वी बहुधा सूचना देते. त्याचे बळ कोणत्या दिशेला आहे हे ओळखणारा आणि न दिसणारा सांधाही निष्ठेने जोडणारा कारागीर त्याला भेटावा लागतो. असा कारागीर भेटला, की लाकूड जहाज होते, विमान होते, अठरा मजल्यांचा भारही पेलते. न भेटला, तर मोडलेल्या पंखाचा दोष हवेच्या माथी मारला जातो.