वजन खाली, वजन पुढे

(रेडिओवरील भाषण)

मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि विषय लांबलचक आहे: घरी बनवलेली, रेडिओवर चालणारी, दगडगोट्यांवर चढणारी गाडी. रॉक क्रॉलर. आमच्या नागपूरच्या गांधीबागेतले पोट्टे नुसतं क्रॉलर म्हणतात, मीही तेच म्हणेन. ट्रान्समीटर, रिसीव्हर, मोटर, सर्वो, बॅटरी ही मंडळी तुमच्या ओळखीची आहेत असं धरून चालतो. ज्यांच्या नसतील त्यांनी घरातल्या आठवी-नववीच्या मुलाला किंवा मुलीला विचारावं. मी आज एकाच गोष्टीच्या मागे लागणार आहे. वजन. ते किती, याची मला फारशी फिकीर नाही. ते गाडीत कुठे बसलं आहे, याची आहे.

सामानाचं आधी उरकतो. गांधीबागेत राहणाऱ्याला ते पायी फिरून मिळतं. इतवारीच्या लोहा ओळीत पट्टी आणि नट-बोल्ट. गादीवाल्याकडे फोमचे तुकडे. सायकलवाल्याकडे स्पोक, त्याचे छान लिंक-रॉड होतात. आणि कापडाचं ठाण ज्या जाड पुठ्ठ्यावर गुंडाळून येतं, तो पुठ्ठा संध्याकाळी दुकान आवरताना मागितला तर कोणी नाही म्हणत नाही. बॉडीचे साचे कापायला त्याच्यासारखा पुठ्ठा विकतही मिळत नाही. मोटर आणि सर्वोसाठी सीताबर्डी गाठावी लागते, नाहीतर कुरिअरची वाट बघावी लागते. राहता राहिले दगड. शहरात कुठे ना कुठे सिमेंट रोडचं काम निघालेलं असतंच, त्यामुळे गिट्टीच्या ढिगांना आपल्याकडे तोटा नाही.

तर सगळं जमतं, गाडी उभी राहते, दिवेबिवे लागतात, आणि मग मुलं माझ्या दारात येतात. प्रश्न ठरलेला. "काका, चढत नाही हो. मोठी मोटर टाकू का?"

परवा असाच एक आला. त्याची गाडी मी आमच्या गल्लीतल्या एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर सोडायला लावली. शहाबादी फरशीच्या पायऱ्या, जेमतेम चार बोटं उंच. पुढची चाकं पहिल्या पायरीला टेकली, वर चढली, आणि मागची चाकं पायरीला भिडताच गाडी मागच्या मागे उताणी पडली, चारही चाकं हवेत फिरत राहिली. त्याने पुन्हा सोडली, आणखी जोरात. पुन्हा उताणी. मी बॉडी उचलून पाहिलं. पत्र्याची बॉडी, वर कॅरिअर, कॅरिअरवर पाण्याचे खोटे डबे, मागच्या दारावर खरीखुरी स्टेपनी. आणि बॅटरी कुठे? टपाखाली, मागच्या सीटच्या जागी. का बाबा? "तिथंच जागा होती." आता काय बोलावं! मी स्टेपनी काढली, डबे काढले, बॅटरी पुढच्या ॲक्सलच्या वर, सर्वोच्या बाजूला रबरबँडने आडवी बांधली. मोटर तीच, टायर तेच. गाडी तिन्ही पायऱ्या चढून ओट्यावर जाऊन बसली. पोट्टा म्हणतो, "म्हणजे मोटर मोठी नाही घ्यायची?" एवढं डोळ्यांनी बघूनही हेच! म्हणून मी आज हे सांगायला इथवर आलो आहे.

ज्यांचं बालपण गावात गेलं त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही, कारण त्यांनी बंडी पाहिली आहे. भरलेली बंडी नाल्यातून वर काढायची असते तेव्हा काय होतं, आठवा. सपाटीवर भार आसाच्या बरोबर वर असतो, बैलांच्या मानेवर बेताचं ओझं असतं. चढ लागला की तोच भार मागे झुकतो आणि बंडी उलाळ होते. जू वर उचललं जातं, गळ्याचे पट्टे ताणून बैलांचा घसा आवळायला लागतो. गाडीवान काय करतो? बैलांना मारत बसत नाही. आधी मागे बसलेल्यांना खाली उतरवतो आणि स्वतः पुढे सरकून धुरेवर बसतो. जू मानेवर परत बसलं की मग बैल ओढतात. जू हवेत असताना खिल्लारी जोडी आणून जुंपली तरी काय उपयोग? तुमची मोठी मोटर म्हणजे हवेतल्या जुवाला जुंपलेली खिल्लारी जोडी.

आणखी एक. कापसाची बंडी आणि ज्वारीच्या पोत्यांची बंडी. वजन सारखं धरा. ज्वारीची बंडी ठेंगणी. नाल्याच्या काठाने तिरपी झाली तरी चालत राहते. कापूस भरलेली बंडी उंच, आणि जितकी उंच तितका चढावर तिचा भार जास्त मागे जातो, आडव्या उतारावर जास्त बाजूला जातो. कापूसवाला म्हणूनच वाट बघून चालतो. तुमच्या टपाखालची बॅटरी म्हणजे कापसाचा ढीग. तीच बॅटरी तळाला गेली की ज्वारीचं पोतं होतं. एक फरक सांगायला हवा. बंडीला चाकं दोनच आणि ओढणारे बाहेर. क्रॉलरची चारही चाकं ओढतात. पण त्यामुळे हे प्रकरण जास्तच नाजूक होतं, कारण पुढची चाकं दगडावरून सुटली की ओढणारे निम्मे कमी झाले. त्यात चाक अडकलेलं असताना मोटरने जोर लावला की तोच जोर उलटा फिरून गाडीचं नाक उचलायला बघतो. मोठी मोटर नाक जास्त उचलते. ऐकताय ना?

थोडं गणित. दहावीची त्रिकोणमिती पुरे. पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत ३१ सेंटीमीटर, हे दशमांश मापाच्या क्रॉलरचं नेहमीचं अंतर. वजनाचे शंभर भाग केले तर पुढे ६०, मागे ४० अशी वाटणी करा आणि भाराचं केंद्र जमिनीपासून १० सेंटीमीटरवर ठेवा. अशी गाडी कागदावर सुमारे ६२ अंशांच्या चढापर्यंत मागे उलटत नाही. वाटणी उलटी केली, पुढे ४० आणि मागे ६०, की तो आकडा ५१ वर येतो. त्यात कॅरिअर आणि डब्यांनी केंद्र १४ सेंटीमीटरवर नेलं की ४१-४२. बघा, वीस अंश गेले, आणि मोटरला कोणी हातही लावलेला नाही. प्रत्यक्षात टायर आधी घसरतात, धक्के बसतात, ते सोडा. पण वाया गेलेले वीस अंश मोटर भरून देत नाही.

कोणी विचारेल, मग सगळंच पुढे का ठेवू नये? उतारावर कोण येणार मग? वर चढलेली गाडी खाली यायची असते आणि तिथे नाकावर कोलांटी खाते. साठ-चाळीस ठीक. मोजायचं कसं, तर स्वयंपाकघरातला वजनकाटा आईला विचारून आणा. पुढची दोन चाकं काट्यावर, मागची दोन काट्याच्याच उंचीच्या पाटावर. आकडा लिहा. मग फिरवून मागची मोजा. दोन किलोची गाडी असेल तर पुढे बाराशे ग्रॅम, मागे आठशे.

आता हे वजन खाली कसं न्यायचं. सगळ्यात खालची जागा म्हणजे चाकाच्या आत. कारच्या चाकांचं बॅलन्सिंग करणाऱ्याकडे चिकटवायच्या पट्ट्या मिळतात, पाच-पाच, दहा-दहा ग्रॅमचे तुकडे. त्या पुढच्या चाकांच्या रिमवर आतून गोल चिकटवा, दोन्ही बाजूंना अगदी सारख्या. पट्टी शिशाची असेल तर हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवा, आणि शिसं घरी वितळवायचा उद्योग कोणी करू नका. टायरमध्ये हवा भरायची नसते. आत फोम आणि रिमला एक बारीक भोक, म्हणजे टायर दगडावर बसला की आतली हवा बाहेर जाते आणि रबर गोट्याला लपेटून धरतं. बोटाने दाबून बघा. दाबल्यावर टायरची कड रिमला जवळजवळ टेकली पाहिजे. फोम ठासून भरलेला टायर दगडावरून टुणकन उडतो. चाक जड झालं की सर्वोवर ताण येतो, म्हणून धातूच्या गिअरचा सर्वो घ्या. पैसे खर्च करायचेच असतील तर तिथे करा, मोटरवर नको.

आणि वरचं हलकं करा. पत्रा कशाला? मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे, ते मोठाले पुतळे, पाहिलेत ना तुम्ही? बांबूच्या कामट्या आणि कागद, केवढा मोठा आकार, आणि पोरं खांद्यावर घेऊन नाचतात. तीच रीत क्रॉलरच्या बॉडीला चालते. कामट्यांचा सांगाडा, वर खळ लावलेला कागद, त्यावर रंग. जीप करा, थार करा, हौस म्हणून दमणीचा टप करा. फक्त टपावर काही ठेवू नका. परत सांगतो, टपावर काही ठेवू नका.

मुलांचा दुसरा आग्रह वेगाचा. बैलांच्या शर्यतीचा पट बघून आलेल्या माणसाला भरलेली बंडी संथ वाटणारच, पण शंकरपटाचे बैल कोणी नाल्यात घालत नाही. क्रॉलरची मजा हळू जाण्यात आहे. बाजारात गिअर लावलेली जॉन्सन मोटर मिळते, मिनिटाला शंभर फेऱ्यांची. ११ सेंटीमीटरच्या चाकाला ती लावली तर गाडी ताशी दोन किलोमीटरने जाते. साठ फेऱ्यांची घेतली तर सव्वा. मुलांना वाटतं, एवढ्या हळू? अरे, चंद्रयान-३ चं प्रज्ञान रोव्हर २०२३ च्या ऑगस्टमध्ये चंद्रावर उतरलं, २६ किलो वजन, सहा चाकं, आणि वेग सेकंदाला एक सेंटीमीटर. शंभर मीटर अंतर कापायला त्याला दिवस लागले. तिथे उलटलं तर सरळ करायला कोण जाणार होतं? त्या हिशेबाने तुमची गाडी पट मारते आहे.

दगडांबद्दल थोडं. शहराच्या पश्चिमेला, सेमिनरी हिल्सकडे, काळा बेसाल्ट आहे. कोरडा, खडबडीत बेसाल्ट टायर फार छान धरतो. पण त्याच्या अंगावरचा मुरूम सुटा असतो आणि तिथे चाक जागच्या जागी फिरतं. रामटेकच्या टेकडीचा दगड वेगळा, पुष्कळ जुना, कडा धारदार. त्यावर मऊ टायर फाटतात. वनखात्याची हद्द असेल तर आधी विचारून जा, आणि पावसात शेवाळलेल्या दगडावर... बरं, ते नंतर. वेळ पळतो आहे आणि रेडिओचं मी अजून बोललोच नाही. रेडिओवर येऊन रेडिओचं राहू नये.

ही गाडी ज्या लहरींवर चालते त्यांची सुरुवात जगदीशचंद्र बोसांपर्यंत मागे नेता येते. त्यांनी १८९५ साली कलकत्त्यात तारेशिवाय, भिंतीपलीकडे घंटा वाजवून दाखवली होती. १८९८ मध्ये टेस्लाने न्यूयॉर्कमध्ये पाण्याच्या टाकीत छोटी बोट दुरून चालवली. बघणाऱ्यांना ती जादू वाटली. नागपूर आकाशवाणीची मध्यम लहर ५८५ किलोहर्ट्झची, म्हणजे एक लहर पाचशे मीटरहून लांब. तुमच्या हातातल्या रिमोटची २.४ गिगाहर्ट्झची, म्हणजे साडेबारा सेंटीमीटर. तिचा चौथा हिस्सा ३१ मिलिमीटर. रिसीव्हरच्या अँटेनाच्या टोकाला जो उघडा भाग असतो तो तेवढाच असतो, आणि तो मुद्दाम तेवढा ठेवलेला असतो. "लोंबत होता म्हणून कापला" असं सांगत एक मुलगी आली होती. कापू नका. बॅटरीला चिकटवू नका, पत्र्याखाली दडपू नका, प्लॅस्टिकच्या नळीत घालून उभा ठेवा. पत्र्याची बॉडी नको म्हणण्याचं हे दुसरं कारण. पहिलं कारण तुम्हाला आता पाठ झालं असेल.

गाडी चढावर मध्येच मेल्यासारखी थांबते, स्टिअरिंग थरथरतं आणि पुन्हा चालू होते, अशी तक्रार असेल तर रिमोटला दोष देऊ नका. सर्वो अडकला की एकदम दोन-अडीच अँपिअर ओढतो, रिसीव्हरचा व्होल्टेज कोसळतो आणि तो क्षणभर झोपतो. सर्वोला वेगळा रेग्युलेटर द्यायचा, आणि तारेची जाडी...

काचेपलीकडून हात दिसतो आहे. लिंक-रॉडच्या कोनांचं राहिलं, दोन्ही ॲक्सल लॉक का करायचे तेही राहिलं. एवढं मात्र ऐका: लिथियमची बॅटरी फुगली असेल तर पुन्हा चार्ज करू नका, आणि चांगली असली तरी रात्री चार्जिंगला लावून झोपू नका. आईवडिलांनो, हे तुम्हालाही सांगतो आहे.