विजेचा पट्टा आणि कामगाराचा वेळ

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मागील बैठकीत अंबडच्या एका कामगार साथीने विचारले, ‘विजेचा पट्टा मांडीला बांधून बसले तर रक्तातील साखर खरोखर उतरते काय?’ काहीजण हसले. मला तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. हा रोग पेढीवर बसणाऱ्या शेटजींपुरता केव्हाच उरलेला नाही.

प्रथम विज्ञान पाहू. आकुंचनाचा आदेश मेंदूने दिला काय किंवा बाहेरच्या विद्युत्प्रवाहाने दिला काय, स्नायू आखडतोच. इटलीच्या गॅल्वनीने बेडकाच्या पायावर केलेले यासंबंधीचे प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध केले. स्नायू आखडला म्हणजे पेशीच्या आतील ग्लुट-४ नावाची प्रथिने पृष्ठभागावर येतात व रक्तातील साखर आत घेतात. त्यासाठी इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. चालल्याने साखर उतरते, तीही मुख्यतः याच मार्गाने. जपानी संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पायांच्या स्नायूंना असे उत्तेजन दिल्यावर शरीराने अधिक साखर शोषल्याचे दिसले. मात्र ते प्रयोग निरोगी माणसांवरचे होते, हे विसरता कामा नये.

म्हणजे पट्टा हे थोतांड नव्हे. परंतु तो चालण्याची जागाही घेऊ शकत नाही. प्रवाह त्वचेलगतचे तंतू एकदम आवळतो, त्यामुळे स्नायू लवकर थकतो. वेदनेमुळे प्रवाह फार वाढवता येत नाही. हृदय व फुप्फुसांना चालण्याइतके काम मिळत नाही. आणि ज्या मधुमेह्याच्या पायांची संवेदना गेली आहे, त्याला त्वचा भाजत असल्याचेही कळत नाही. छातीत पेसमेकर असलेल्याने तर डॉक्टरांना विचारल्यावाचून या वाटेला जाऊच नये.

मग हे साधन कोणाचे? कंबरेखाली लुळ्या पडलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे. त्याला चालण्याचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय. अशांसाठी ही यंत्रे सरकारी रुग्णालयांत, भौतिकोपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, विनामूल्य मिळावीत, अशी मागणी आपण केली पाहिजे.

अंबडच्या साथीचे पाय मात्र धडधाकट आहेत. त्याच्यापाशी वेळ नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. इकडे सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. बारा तासांची पाळी, त्यात सिन्नरहून वा पंचवटीहून येण्याजाण्याचा काळ. उरलेल्या वेळात माणूस झोपेल की चालेल? यंत्रापुढे दिवसभर उभे राहणे हे काम आहे, व्यायाम नव्हे, हेही मालकांना सांगावे लागते! ज्याचा फिरण्याचा तास गेला, त्यालाच बाजार त्या तासाचा पर्याय हप्त्याने विकतो.

म्हणून कामाच्या तासांविषयीच्या आपल्या निवेदनात मधुमेहाचा मुद्दा घालावा आणि प्रत्येक पाळीत साखर तपासणीची सोय मागावी, असे मी सुचवतो. त्या साथीने पट्टा आधीच घेतला आहे. तो बांधण्यापूर्वी त्याच्या तळपायांची संवेदना तपासून घ्यायची आहे; सोमवारी त्याची सुट्टी असते, तेव्हा कोणीतरी त्याच्यासोबत जावे.