शुश्रूषेचे उत्तरदायित्व
(मनीषनगर येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील अनेक मुलेमुली आज रुग्णालयांत सेवेस आहेत, याचा आम्हांस अभिमान वाटतो. हे चार शब्द त्यांच्यासाठीच आहेत.

सन १९५३ मध्ये कोकणात पालशेतच्या समुद्रकिनारी विशीतील एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्यास उपचारार्थ पुण्यास आणले. तेथे पूर्ण भूल न देता, केवळ मॉर्फियावर, तीन माणसांच्या साहाय्याने पाय अतिजोराने ओढण्यात आला व तरुण मरण पावला, असे न्यायालयात सिद्ध झाले. डॉक्टरांनी द्यावयाची ३,००० रुपयांची नुकसानभरपाई सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये कायम केली. रुग्ण स्वीकारावा की नाही, उपचार कोणता करावा व तो कसा करावा, या तिन्ही बाबतींत वैद्याने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे. अत्युच्च कौशल्याची अपेक्षा कायदा करीत नाही, असा दंडक त्या निकालाने घालून दिला.

दावा डॉक्टरांवर चालला. परंतु पाय ओढण्यात इतरांचेही हात होते. म्हणून परिचारिका व मदतनीस यांस आमची विनंती की, "भूल दिली आहे ना?" एवढे विचारण्याचे धैर्य त्यांनी बाळगावे. वरिष्ठांचा मान अवश्य राखावा. रुग्णाचा प्राण मात्र त्याहून मोठा मानावा.